मापाचा फ्रॉक

८ जानेवारी, सोमवार

ही वही निघताना बहिणीने बॅगेत कोंबली होती. म्हणाली, "रोज चार ओळी लिही, म्हणजे अक्षर बिघडणार नाही." बिघडायला ते आधी कधीतरी बरं असायला हवं होतं. सातवीत शाळेने मला आणि मी शाळेला सोडलं, आणि दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही. इतके महिने वही कोरीच होती. आज लिहितोय, कारण मला नोकरी लागली. घर सोडल्यापासूनची पाचवी. बेकरी, गॅरेज, गोदाम आणि उशांच्या अभ्र्यांचा कारखाना एवढं पालथं घातल्यावर मी आता कलाकारांचा शिंपी झालो आहे.

कलाकार म्हणजे एक अख्खं कुटुंब. बाप ट्रम्पेट वाजवतो आणि बँड चालवतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात, बायकोसुद्धा. ती अकॉर्डियन वाजवते, तिला मी काकू म्हणायचं ठरवलं. थोरला मुलगा ड्रमवर, मधला गिटारवर, आणि धाकटी मुलगी गाते. लोक येतात ते धाकटीसाठी. पाचही जणांचे कपडे एकाच तागातले: पिवळंजर्द साटण, चंदेरी कड. पाचही जण एकत्र उभे राहिले की डोळे दिपतात. दुखतातही.

मास्तरांनी मला दारातच उभं करून विचारलं, "शिवता येतं?"

"येतं." अभ्र्याला चार बाजू असतात. माणसाला त्याहून फार जास्त नसाव्यात, असा माझा अंदाज.

"कापता येतं?"

"त्यातच तर हात बसलाय." इथे मी जरा वाहवलो.

मग ते म्हणाले, "एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. आमच्याकडे अंगावरून माप घेत नाहीत. कपड्यावरून कपडा काढायचा. टेप या घरात चालत नाही."

मला मिठीच मारावीशी वाटली. टेप कुठून कुठे लावतात हेच मला माहीत नव्हतं.

१० जानेवारी, बुधवार

मापाचा फ्रॉक बघितला. मास्तरांच्या खोलीतल्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एखाद्या साहेबाचा कोट असावा तसा टांगलेला असतो. धाकटीचा पहिला मोठा कार्यक्रम गाजला तो या फ्रॉकमध्ये. तेव्हा ती आठ वर्षांची होती. पोस्टरवर अजून 'आठ वर्षांचा चमत्कार' असंच छापतात.

मी थोरल्याला विचारलं, "आता किती वर्षांची?"

"आठच. गेली चार वर्षं आठच आहे. तिचा हात बसलाय त्यात."

साटण दिव्यांखाली लवकर विटतं, म्हणून दर काही आठवड्यांनी नवा फ्रॉक लागतो. मापाचा फ्रॉक कापडावर पसरायचा, भोवती खडू फिरवायचा, कापायचं. मास्तर म्हणतात, लोकांनी जे बघायला तिकीट काढलंय तेच त्यांना दिसलं पाहिजे. मी मान हलवली. मास्तर बोलायला लागले की अर्धा तास मान हलवावी लागते, एवढा या नोकरीचा त्रास.

आणखी एक पद्धत आहे. कार्यक्रमाच्या आधी सगळे स्टेजचे कपडे घालूनच जेवतात, गळ्यात टॉवेल बांधून. जेवण झालं की ओळीने उभं राहायचं. मास्तर प्रत्येकाच्या मागे जाऊन कमरेच्या हुकाखाली एक बोट सरकवतात. बोट गेलं तर स्टेजवर जायचं. नाही गेलं तर उद्यापासून त्याच्या ताटात अर्धं. याला ते 'बोट' म्हणतात. "बोट झालं का?" "थोरल्याचं बोट राहिलंय." आज मधल्याचं बोट अडकलं. तो म्हणाला, "मास्तर, तुमचंच बोट सुजलंय." धाकटीचं सहज गेलं. ती वळून माझ्याकडे बघून हसली. शहाणी पोर आहे. सगळ्याला "छान आहे टेलरदादा" म्हणते. असं गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही.

२१ जानेवारी, रविवार

माझा पहिला फ्रॉक स्टेजवर गेला. दिव्यात मलाच ओळखू आला नाही, इतका बरा दिसला. एकच घोटाळा झाला. तो धाकटीला गुडघ्याच्या बराच वर आला. फ्रॉक आठ वर्षांचा आणि पाय बारा वर्षांचे, त्याला मी काय करणार? मास्तरांचा चेहरा पडला.

मग मला सुचलं. खालच्या घेराला एक झालर लावली. मास्तरांनी लांबून बघितलं, जवळून बघितलं, माझ्या पाठीवर थाप मारली. पोर एकदम बुटकी दिसायला लागली होती. मी बाहीलाही झालर लावली, म्हणजे हाताची लांबी कळत नाही. दोन्ही भावांच्या बुटांना जाड टाचा मारून आणल्या. ते उंच, म्हणून ती लहान. थोरला ड्रममागे बसतो, त्याला टाचा कशाला, असं त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, "सवय राहू दे."

गोदामात खोके उचलणारा हाच का तो मुलगा, असं मलाच वाटलं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आईचा फोन. तिने नेहमीप्रमाणे आधी जेवलास का विचारलं, मग नोकरी टिकली का विचारलं. मी तिला म्हणालो, "आई, हे काय पोती भरायचं काम आहे? इथे माझ्या हातावर पाच माणसांचं पोट आहे. तो फ्रॉक आहे तोवर बँड आहे, बँड आहे तोवर माझी नोकरी." फोन खोलीबाहेरच्या जिन्यात घेतला होता. धाकटी खालच्या पायरीवर बसून सूर लावत होती. म्हटलं ऐकू दे, जरा वजन पडेल.

मधल्याने माझं नाव उशीभाऊ ठेवलंय. अभ्र्यांच्या कारखान्याचं मीच बोलून गेलो होतो. तोंडाला झालर लावायची सोय नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा फ्रॉक झाला. या वेळी मापाचा फ्रॉक आणायला गेलोच नाही. तो आणायचा म्हणजे मास्तरांची खोली, मास्तरांची किल्ली आणि मास्तरांचं भाषण. माझाच आधीचा फ्रॉक इस्त्री होऊन समोर टांगलेला होता. त्यावरूनच काढला. एकच तर आहेत दोन्ही. खडू फिरवला, कात्री चालवली, आतून टीप मारली, जेवणाआधी काम खलास. कारखान्यातही आम्ही असंच करायचो.

आता झालरी तीन झाल्या. मधला म्हणतो, पुढच्या वर्षी तिला छतालाच टांगा, आत दिवा लावून.

आनंदाची बातमी: मोठ्या हॉलवाल्याने बोलावलंय. जमलं तर पूर्ण मोसम, दर शनिवारी, शेवटचा कार्यक्रम आपला. मार्चअखेर पहिला प्रयोग. हॉलवाल्याने एकच अट घातली: मुलगी पोस्टरवर दिसते तेवढी दिसली पाहिजे. दारात उभा करायला तिच्या जुन्या फोटोचा लाकडी पुतळाही करून घेतलाय. मास्तर घरी येऊन म्हणाले, "हा मोसम मिळाला तर आपण उभे राहिलो. नाही मिळाला तर मी आणि हिने लग्नाच्या जेवणावळीत वाजवायचं आणि पोरांनी काय ते बघायचं." मग सगळे धाकटीकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. मी छाती काढून उभा राहिलो.

४ मार्च, सोमवार

मुंग्या. धाकटीच्या फ्रॉकलाच. बाकी चार जणांच्या कपड्यांना एक नाही. मी फ्रॉक उंच दोरीवर टांगला, त्या दोरीवरून आल्या. दोरीला रॉकेल लावलं, त्या भिंतीवरून आल्या. खळीचा वास येत असेल म्हणून खळ घालायची बंद केली. तरी येतात, आणि थेट मधल्या झालरीत शिरतात. मी काकूंना म्हणालो, "ह्यांना माझी झालर पसंत पडलेली दिसते." काकूंनी फ्रॉक हातात घेतला, झालर थोडी उलगडली, पुन्हा सोडली आणि परत दिला. म्हणाल्या, "झटकून टाकत जा." त्यानंतर त्या बराच वेळ अकॉर्डियन पुसत बसल्या. ते मुळात स्वच्छच होतं.

१२ मार्च, मंगळवार

तिसरा फ्रॉक. दुसऱ्यावरून काढला, त्याला दहा-बारा दिवस झाले. मोठ्या हॉलमध्ये हाच जायचा, म्हणून जीव ओतला. आज बोट घेताना मास्तरांनी एकाऐवजी दोन बोटं घालून बघितली. दोन्ही गेली. "याला म्हणतात कट," मास्तर म्हणाले. मी चेहरा साधा ठेवला. अशा वेळी चेहरा साधा ठेवला की माणूस मोठा दिसतो, हे मी मास्तरांकडूनच शिकलो.

रात्री... नाही, संध्याकाळीच आईचा फोन होता. तिला दोन बोटांचं सांगितलं. तिने आधी बोट म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "पोर जेवते का रे ती?"

"तिचं ताट बघायला ठेवलंय का मला? तिचं ताट रिकामंच असतं दर वेळी. सगळं संपवते."

"वाढत्या अंगाची पोर आहे, आणि कपडा सैल होतोय?"

"आई, ते कट असतं. तुला नाही कळणार."

तिला कपड्यातलं खरंच काही कळत नाही.

२३ मार्च, शनिवार

आज एका छोट्या कार्यक्रमात धाकटीने घोळ घातला. तिचं ते शेवटचं गाणं, ज्यात एक लांबलचक ओळ एका दमात ओढायची असते आणि लोक श्वास धरून बसतात, तिथे ती मध्येच थांबली. श्वास घेतला आणि उरलेली ओळ म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या समजुतीच्या होत्या.

मास्तर मागे आल्यावर म्हणाले, "रियाज कमी पडतोय."

"हो," ती म्हणाली.

"उद्यापासून सकाळी एक तास जास्त."

"हो."

मीही मध्ये तोंड घातलं. म्हणालो, "बघ हं, फ्रॉकने आपलं काम केलंय. आता तू तुझं कर." ती म्हणाली, "हो टेलरदादा. फ्रॉक छान आहे." मग भिंतीला पाठ लावून थोडा वेळ उभी राहिली. थोरला जाड टाचांवर डुलत आला आणि तिला खुर्ची दिली. जाताना माझ्याकडे असं काही बघून गेला, जणू मी त्याचे पैसे बुडवलेत.

२८ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहितो. मन थाऱ्यावर नाही, तरी लिहितो.

परवा मोठ्या हॉलचा प्रयोग, म्हणून फ्रॉकला इस्त्री करायला घेतली. मधल्या झालरीत इस्त्री अडली. आत बोटं घातली तर पावाचा तुकडा. वाळून दगड झालेला. पुढे आणखी एक. उकडलेल्या बटाट्याचा चुरा. अंड्याचं पांढरं, कागदात गुंडाळलेलं. झालरीची वरची शिवण दोन ठिकाणी नीट उसवून छोटे खिसे केलेले होते, आणि खिशांची शिवण माझ्यापेक्षा सुबक होती.

मी तडक मधल्याकडे गेलो. "हे धंदे तुझे ना? मुंग्या लावायला?"

त्याने पावाचा तुकडा बघितला. तो नेहमी काहीतरी टोमणा मारतो, आज नाही मारला. खाली बसला आणि बुटांचे बंद सोडायला लागला. म्हणाला, "जाऊन तिला विचार."

धाकटी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तुकडा तिच्यापुढे धरला. ती घाबरली नाही. फक्त इकडेतिकडे बघून म्हणाली, "मास्तरांना दाखवलास?"

"नाही. पण हे काय आहे?"

"ताटात टाकलं तर आई बघते. म्हणून झालरीत. स्टेजवरून आल्यावर काढते. कधी राहून जातं."

"पण का?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी तिची गंमत करत होतो. "खाल्लं तर बोट जात नाही ना."

"अगं, फ्रॉक होतोय की तुला. मी शिवलाय. दोन बोटं जातात."

"नवीन फ्रॉक दर वेळी घट्ट असतो. मग मी दोन-चार दिवस कमी खाते, मग होतो. हा शेवटचा फार घट्ट होता, टेलरदादा. ह्याच्यासाठी जास्त दिवस लागले."

मी म्हणालो, तिन्ही फ्रॉक एकसारखे आहेत. ती म्हणाली, बरं. तिच्या 'बरं'ने मला जास्त राग आला. मी म्हणालो, आधी सांगितलं का नाहीस? तर ती म्हणाली, "तूच आईला सांगत होतास ना, फ्रॉक आहे तोवर नोकरी आहे. आणि मोसम गेला तर सगळ्यांचंच जाईल. मधल्याला टाचांवरून पडून पायाला लागलं तरी तो बोलला नाही. मी कशी बोलू?"

मग तिनेच विचारलं, "मी किती आहे ते बघशील?"

घरात टेप नाही. मी जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. तिला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत टेप सोडली. ती पाठ ताठ करून उभी राहिली. मी तिला ताठ उभी असलेली कधी बघितलंच नव्हतं. नेहमी गुडघ्यात थोडी वाकलेली असते. मला वाटायचं, तशीच आहे. ती माझ्या खांद्याच्या वर आली. मग छातीभोवती टेप लावली. पुन्हा लावली. टेप चुकीची असेल म्हणून स्वतःच्या मनगटाला लावून बघितली.

तिला पाठवून मी मास्तरांच्या खोलीत गेलो. ते बाहेर होते, किल्ली कपाटालाच होती. मापाचा फ्रॉक काढला, टेबलावर पसरला, त्यावर माझा तिसरा फ्रॉक ठेवला. मापाचा फ्रॉक सगळ्या बाजूंनी बाहेर दिसत होता. दोन्हीकडे माझ्या जवळजवळ दोन-दोन बोटं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तयार कपड्याभोवती खडू फिरवून त्याच रेषेवर कापलं, की शिवणीत जाणारं कापड कमी पडतं. शिवणीसाठी बाहेर सोडावं लागतं. हे शेंबड्या पोरालाही कळेल. अभ्र्यात कळत नाही, कारण उशी दाबली की बसते. पहिला फ्रॉक मापाच्या फ्रॉकपेक्षा बारीक झाला, दुसरा पहिल्यापेक्षा, तिसरा दुसऱ्यापेक्षा. आठ वर्षांच्या मुलीला झाला नसता असा फ्रॉक मी बारा वर्षांच्या मुलीला घातला, आणि ती त्यात मावली म्हणून स्वतःच्या कटची तारीफ ऐकून घेतली.

दाबली की ही पोरही बसत होती.

२९ मार्च, शुक्रवार

सकाळी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं. पाव, फ्रॉक, शिवणी, सगळं सांगितलं. त्या कांदा चिरत राहिल्या. मग म्हणाल्या, "झालरीतलं मला मुंग्यांच्या दिवशीच कळलं होतं. वाटलं, मोसम एकदा मिळू दे, मग तिला पोटभर घालेन." सुरी खाली ठेवली. "दर आठवड्याला तेच म्हणतेय."

"मी नवा शिवतो, काकू. अंगावरून. पण मला कापता येत नाही."

"माहीत आहे. पहिल्या दिवशी कात्री उलटी धरली होतीस."

"मग मला ठेवलं कशाला?"

"तुझ्या आधी तीन शिंपी आले. तिघांनी येताच टेप काढली. मास्तरांनी तिघांना चहा पाजून परत पाठवलं."

हे ऐकून मी बसूनच घेतलं. मला वाटत होतं, माझ्यात काहीतरी दिसलं असेल.

काकूंनी आत जाऊन त्यांचा स्वतःचा लांब झगा आणला. निळा. लग्नानंतर पहिल्यांदा स्टेजवर गेल्या तेव्हाचा. "साटणाचा ताग संपलाय, आणि संपला नसता तरी नको. हा काप. चुकलास तर पुन्हा काप, घेर मोठा आहे."

दिवसभर तेच केलं. धाकटीला दर थोड्या वेळाने उभं करून कापड लावून बघितलं. एकदा मुंढा इतका छोटा झाला की तिचा हात कोपरालाच अडकला. एकदा पुढचा भाग मागे लागला. ती म्हणाली, "छान आहे." मी म्हणालो, "हे बघ, आज छान म्हणायचं नाही. श्वास घे, पूर्ण. कुठे अडतं ते सांग." तिने श्वास घेतला. बरगड्या वर आल्या, दिसण्याइतक्या. "इथे," ती म्हणाली. मी तिथे उसवलं.

हूक लावायचे तर मागची कंबर तंतोतंत यायला हवी. ती तंतोतंत येईना. शेवटी पुढे बांधायचे बंद लावले. हे कलेसाठी नाही केलं, येत नव्हतं म्हणून केलं. वहीत तरी खरं लिहावं.

३० मार्च, शनिवार

हॉलच्या मागच्या खोलीत सगळे टॉवेल बांधून जेवले. धाकटीही जेवली. सावकाश, एकेक घास. निळ्या झग्यावर काकूंची शाल होती, मास्तरांना वाटलं आत साटण असेल. मग सगळे ओळीत उभे राहिले. थोरल्याचं बोट झालं, मधल्याचं झालं. काकूंनी शाल काढून घेतली. मास्तर धाकटीच्या मागे आले, बोट पुढे केलं, आणि हूकच नाही. बोट हवेत राहिलं. त्यांनी पाठीवर वर बघितलं, खाली बघितलं. ती वळली. तेव्हा त्यांना तिचं तोंड जिथे दिसेल असं वाटलं होतं तिथे तिचा गळा होता.

"हे काय आहे?"

"माझं माप आहे," धाकटी म्हणाली. "टेलरदादाने घेतलं."

मास्तर माझ्याकडे वळले. एवढ्या पिवळ्या साटणात रागावलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला, आणि इतका घाबरलो नसतो तर हसलो असतो. "तो पिवळा आण."

"नाही आणता येणार. उसवलाय," मी म्हणालो. खोटं होतं. तो पिशवीत घडी करून होता. पण पिशवीवर काकू बसल्या होत्या.

"तुला कळतं का काय केलंस? बाहेर दारात पुतळा उभा आहे. लोक त्याच्या शेजारी फोटो काढतायत. ही आता त्याच्यापुढे..." त्यांनी हाताने उंची दाखवली. हात मध्येच थांबला. किती उंच दाखवायचा ते त्यांना माहीत नव्हतं.

काकूंनी झालरीतले पावाचे तुकडे एका बशीत ठेवले होते. ती बशी त्यांनी मास्तरांच्या हातात दिली. "हे तिचं जेवण. दोन बोटं जात होती ना तुमची, ती यामुळे." मास्तर बशीकडे बघत राहिले. एक तुकडा उचलून दाबून पाहिला. तेवढ्यात घंटा झाली.

स्टेजवर चार पिवळे आणि एक निळी. हॉलमध्ये कुजबुज झाली ती मला पडद्यामागे ऐकू आली. पहिल्या गाण्याला टाळ्या बेताच्या. कुणीतरी मोठ्याने विचारलं, "ती छोटी कधी येणार?" शेवटच्या गाण्यात ती लांब ओळ आली. मी पडद्याची दोरी धरून उभा होतो. मला गाण्यातलं काही कळत नाही. बंदाची गाठ वर आली आणि मग हळूहळू, ओळभर, खाली गेली, एवढं मी बघितलं. मध्ये थांबली नाही. मास्तरांनी ट्रम्पेट ओठाला लावायची जागा चुकवली. त्यांची एंट्री काकूंनीच वाजवून घेतली.

हॉलवाला मागे आला. "गायली बरी. पण मी लहान मुलगी मागवली होती. मोठ्या मुली गाणाऱ्या माझ्याकडे पुष्कळ आहेत." शनिवार गेले. बुधवारी दुपारी येऊ शकता, म्हणाला, बघू कसं काय जमतं.

३१ मार्च, रविवार

बॅग भरून ठेवली होती. हाकलण्याआधी निघालेलं बरं, माझी पद्धतच आहे. पण नाश्त्याला मास्तरांनी हाक मारली. सगळे टेबलाभोवती बसले होते, साध्या कपड्यांत. मला तर आधी ओळखूच येईनात.

मास्तर बुधवारच्या पोस्टरचा कागद पुढे घेऊन बसले होते. 'आठ' खोडलेलं होतं. ते कागदाकडेच बघत म्हणाले, "बारा लिहू का?"

"तेरा," काकू म्हणाल्या.

"तेरा कधी झाली?"

"मागच्या महिन्यात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आठच्या पुढे वाढदिवस करायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं," थोरला म्हणाला. आवाज चढवून नाही. पाव मागावा तसा म्हणाला.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.  मग ते म्हणाले, "वय नकोच लिहायला. नाव लिहू." मग माझ्याकडे न बघता, "ह्या दोघांच्या टाचा काढून आण. आणि ते चार पिवळे... बुधवारी ती निळी, आपण पिवळे, बरं नाही दिसत."

"माप घ्यावं लागेल," मी म्हणालो.

 मास्तरांनी उठून कोट काढून खुर्चीला लावला आणि हात थोडे बाजूला करून उभे राहिले. मी टेप लावली. पोटाशी टेप आली तेव्हा त्यांनी श्वास आत ओढला. मी थांबलो. ते समजले आणि त्यांनी तो सोडून दिला.

२६ एप्रिल, शुक्रवार

चार आठवडे लिहायला सवड मिळाली नाही. पाच जणांचे कपडे अंगावरून शिवणं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच माहीत. मास्तरांच्या पँटचा एक पाय अजून दुसऱ्याहून लांब आहे. मधला म्हणतो, "टाचा त्याच पायाला ठेवायच्या होत्या." बुधवारी दुपारी निम्मा हॉल रिकामा असतो. बाकीच्या दिवशी मास्तर आणि काकू जेवणावळीत वाजवायला जातात. मास्तर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. काम पुष्कळ आहे, म्हणून बोलणं पुष्कळ होतं.

आज धाकटीचा नवा झगा झाला, हिरवा. चार दिवस त्याच्यावरच होतो. मुंढे जमले, कंबर जमली, पाठीला हूकसुद्धा जमले. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बरं झालं असं वाटत होतं. तिला हाक मारली. ती एका हातात जाड लोणी लावलेला पाव घेऊन आली. घालून आरशापुढे उभी राहिली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, पाव चावला.

"कसा आहे?" मी विचारलं, आणि उत्तर ठाऊकच असल्यासारखा सुया गोळा करायला लागलो.

"हा खांदा वर आलाय."

"कुठला?"

"डावा. आणि गळा आजीबाईसारखा आहे. आणि हा रंग मला नकोच होता, मी सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. हे असं घालून मी नाही जाणार."

"चार दिवस लागलेत याला."

"मग आणखी दोन लागतील," ती म्हणाली. लोण्याचा हात झग्याला पुसला आणि आणखी पाव आणायला गेली.

मी तिथेच उभा राहिलो. इतका राग आला की काय सांगू. कोण समजते ही स्वतःला. मग झगा टेबलावर पसरला. डावा खांदा वर आला होता खरा. लोण्याच्या डागावर खडूची पूड टाकली आणि उसवायला घेतलं.